सदफची तिसरी सुई

अंगणवाडीतला कूलर बंद पडला होता आणि बाहेर धुळ्याचा एप्रिल नुसता पेटला होता. खोलीत बाया दाटीवाटीनं बसलेल्या, प्रत्येकीच्या मांडीवर एकेक रडकं लेकरू. तहरीम दाराजवळच्या भिंतीला टेकून बसली होती. मांडीवर दीड महिन्याची सदफ. ओढणीच्या टोकानं ती तिला वारा घालत होती आणि मधूनच तिच्या नाकापाशी बोट धरून श्वास लागतो का, ते पाहत होती.

तेवढ्यात दारात एक तरुण येऊन उभा राहिला. उंच, दंडावर ग्रीसचा डाग, आणि हातात बाळ — चिमट्याशिवाय गरम पातेलं उचलावं, तसं धरलेलं.

"ओ भाऊ, पोऱ्यानी माय कोठे शे?" नर्स मंदाबाईंनी विचारलं.

"आपाला टाके पडलेत, ती घरी. बाप सौदीला. उरलो मी... मामू."

बाया खुदुखुदु हसल्या. जागा फक्त तहरीमशेजारी होती. तो अंग चोरून बसला, आणि बसताक्षणी बाळानं टाहो फोडला.

"भाभी," तो हळूच म्हणाला, "हा कुठून बंद होतो, सांगाल का?"

तहरीमला हसू आलं. आलं आणि ओठांपाशीच अडखळलं. कितीतरी दिवसांनी आलेलं, त्याला वाट सापडेना.

"मान धरा त्याची. अशी नाही... कोपरात घ्या."

बाळ खरंच गप्प झालं. तो सदफकडे बघून म्हणाला, "तुमची बघा किती शांत. अम्मीवर गेलीय."

"मी तिची खाला आहे. मावशी."

"आणि अम्मी?"

तहरीमनं ओढणी सारखी केली. "ही आली, आणि आपा गेली. त्याच दिवशी."

कुणाला हे सांगितलं की लोक च्-च् करायचे, अल्लाची मर्जी म्हणायचे. त्यानं फक्त सदफच्या कपाळावर साचलेले घामाचे थेंब पाहिले. मग, "जरा याला धरता?" असं म्हणत त्यानं भाचा तहरीमच्या दुसऱ्या हातात दिला आणि उठून सरळ कूलरकडे गेला. खिशातून पेचकस काढला, मागची जाळी उतरवली, पंपातून शेवाळाचा गोळा ओढून काढला. थोड्या वेळानं कूलर खोकला, थरथरला आणि सुरू झाला. वाळ्याचा ओला, गार वास खोलीभर पसरला. सदफनं झोपेत ओठ मुडपले, तहरीमनं क्षणभर डोळे मिटले.

"कूलरवाले आहात?" तो परत आल्यावर तहरीमनं विचारलं.

"चाळीसगाव रोडला दुकान आहे. म्हणजे मालकाचं आहे, मी दुरुस्ती करतो. अल्तमश." जरा थांबून म्हणाला, "मघाशी मी भाभी म्हटलं... माफ करा."

"तहरीम," ती म्हणाली. का सांगितलं, तिलाच कळलं नाही.

तिची पाळी आली तेव्हा तिनं मंदाबाईंना विचारलं, "यातली न्यूमोनियाची कुठली?"

"हाई, उजव्या मांडीमा. आज पहिली, साडेतीन महिन्याले दुसरी, नऊ महिन्याले तिसरी. तिन्ही करजो वं माय, आर्धं सोडू नको. आनि ताप उना तं घाबरानं नही."

सुईनंतर अर्धा तास तिथंच थांबायचं असतं. त्या अर्ध्या तासात ते दोघं फारसं बोललेच नाहीत. कूलरपुढे, आपापली रडून दमलेली बाळं घेऊन, शेजारी शेजारी बसून राहिले फक्त.

पुढच्या महिन्याच्या सुईला तो पुन्हा आला.

"आपा बरी झाली नाही अजून?"

"झाली ना. ठणठणीत आहे."

"मग?"

"भाच्याला माझ्याशिवाय सुई चालत नाही."

"त्यानं सांगितलं?"

"डोळ्यांनी. मला डोळे वाचता येतात."

"मग माझे—" तहरीमनं जीभ चावली. पण शब्द सुटला होता.

अल्तमशनं तिच्याकडे पाहिलं. फार वेळ नाही, शेजारणींच्या लक्षात येणार नाही इतकंच. "तुमची लिपी अवघड आहे. महिन्याला एखादी ओळ लागते."

"आणि या महिन्याची?"

"या महिन्याची... नीट झोपत नाही तुम्ही."

खरंच झोपत नव्हती ती. आपाच्या या लेकराचा श्वास मोजत बसायची.

जूनमध्ये, आभाळ भरून होतं आणि वाऱ्याचं नाव नव्हतं, अशा एका चिकट सकाळी सदफला दुसरी सुई मिळाली. त्या दिवशी तहरीमनं त्याला शेहजादबद्दल सांगितलं. रईसाआपाचा पहिला मुलगा, सदफचा भाऊ. सव्वा वर्षाचा होता. आधी सर्दी, मग ताप, मग छाती भात्यासारखी हलायला लागली.

"श्वास घेतला की बरगड्यांखाली खड्डा पडायचा. आम्हाला वाटलं, थंडी आहे, उतरेल. दवाखान्यात पोचलो तेव्हा नखं निळी झाली होती."

"तेव्हा ही सुई नव्हती?"

"आपल्याकडे नुकतीच आली होती, अगदी तान्ह्यांसाठी. याचं वय निघून गेलं होतं. बाहेरून घ्यायची ऐपत कुणाची..." ती सदफच्या पावलाशी खेळत राहिली. "ही पोटात असताना आपा सारखी म्हणायची, हिला तिन्ही द्यायच्या हं. मी विसरले तर तू आठवण कर. विसरायला ती राहिलीच नाही."

अल्तमशनं भाच्याला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. मग म्हणाला, "तिसरीला मी घेऊन येईन तुम्हा दोघींना. रिक्षानं. थंडीत चालत यायचं नाही."

"डिसेंबर लांब आहे."

"म्हणून तर आत्ता सांगून ठेवतोय."

त्यानंतर भेटायला सुईचं निमित्त उरलं नाही. पण निमित्तं काय, शोधली की सापडतात. तहरीमच्या गल्लीत दिवसभर कापडाच्या मागांची खटखट. अब्बा दुसऱ्याच्या मागावर कामाला, आणि तहरीम घरात सुताच्या कांड्या भरायची. अब्बांचा जुना कूलर अल्तमशनं तीनदा दुरुस्त केला. तिसऱ्यांदा अब्बा म्हणाले, "बेटा, पावसाळ्यात कूलर कोण वापरतं?" तो कानापर्यंत लाल झाला. दाराआड तहरीम सदफच्या पोटात तोंड खुपसून हसली. त्या वर्षात ती इतकी मोकळी हसली, ती तेवढीच एकदा.

मोहरमनंतर पाचोऱ्याहून सदफची दादी आली. बरोबर तिचा मुलगा, सदफचा बाप — जहांगीर. नरडाण्याच्या कारखान्यात तो कामाला होता. रईसा गेल्यापासून माणूस नुसता वाळत चालला होता. दादीनं चहा घेतला आणि आडपडदा न ठेवता बोलली.

"लेकराला आई पाहिजे, माझ्या मुलाला घर पाहिजे. तहरीमनं तिला वाढवलंच आहे. निकाह लावून देऊ."

रीत जुनी होती, कुणालाच वावगं वाटलं नाही. जहांगीर जमिनीकडे बघत बसला होता. तहरीम आत गेली आणि अम्मीला म्हणाली, "माझ्या मनात कुणीतरी आहे." आयुष्यात पहिल्यांदा तिनं स्वतःसाठी काही मागितलं होतं. अम्मी रडली, अब्बा दोन दिवस बोलले नाहीत, पण शेवटी तेच म्हणाले, "एक पोर गेली. दुसरीला जिवंतपणी घालवायची नाही मला."

मुक्कामाला थांबलेल्या दादीनं ऐकलं. आवाज चढवला नाही. "ठीक आहे. मग पोरगी आमची. बाप जिवंत असताना ती नाना-नानीच्या घरी का वाढेल?"

निघताना सदफनं तहरीमची ओढणी मुठीत धरली होती. दादीनं एकेक बोट सोडवलं. तहरीम सुईचं कार्ड घेऊन रिक्षापर्यंत धावली. "दादी, डिसेंबरात तिसरी आहे. नऊ महिन्यांची. विसरू नका."

"शेहजादलाही थेंब दिले होते, सुया दिल्या होत्या," दादी म्हणाली. "त्याला आंघोळ या हातांनी घातली मी, शेवटची. ज्याला जायचं तो जातो, बेटी."

ती रागानं बोलत नव्हती. तिच्या आत काहीतरी विझून गेलं होतं, ते बोलत होतं.

रिकाम्या पाळण्याकडे बघत तहरीम दिवस काढू लागली. रविवारी अल्तमश नरडाण्याला जाऊन जहांगीरला भेटून आला.

"मी म्हटलं, आमचं लग्न झालं की सदफला आमच्याकडे राहू द्या. आपली म्हणून वाढवू."

"काय म्हणाले?"

"चहा पाजला. माझा हात हातात धरून म्हणाले, भला माणूस आहेस. पण मुलगा गेला, बायको गेली, ही एवढीच उरली. ती दुसऱ्याच्या घरात देऊन मी कशासाठी कमवू?" अल्तमश खाली बघत होता. "मी कप खाली ठेवला आणि निघून आलो, तहरीम."

दिवाळीनंतर दोघांची मंगनी झाली. अल्तमशच्या आपानं तिच्या बोटात अंगठी घातली, तोंडात पेढा भरवला. सगळं छान झालं. अंगठी जरा सैल होती, एवढंच. तहरीम खंगली होती.

डिसेंबर आला. तिनं पाचोऱ्याला फोन केला. दादी म्हणाली, सर्दी झालीय, नंतर बघू. पुन्हा केला, तर म्हणाली, थंडी फार आहे. जहांगीर कारखान्यातून म्हणाला, "सुट्टी मिळाली की नेतो." सुट्टी मिळत नव्हती.

"मीच जाऊन देऊन येते," तहरीम म्हणाली.

"मंगनी झालेल्या मुलीनं त्या घरी जायचं? ज्याला नकार दिला त्याच्या?" अम्मीनं तोंडावर हात घेतला. "लोक काय म्हणतील?"

तहरीम थांबली. लोकांसाठी थांबली.

जानेवारीत, कडाक्याच्या थंडीत एका सकाळी जहांगीरचा फोन आला. तो रात्रीच पाचोऱ्याला पोचला होता. म्हणाला, "सदफचा श्वास... शेहजादसारखा चाललाय. जळगावला घेऊन निघालोय."

पारोळा, एरंडोल, सगळा रस्ता एसटीत ती ताठ बसून होती. शेजारी अल्तमश, मागच्या सीटवर अब्बा. अल्तमशनं खिडकीची काच ओढून लावली, स्वतःची शाल तिच्या खांद्यावर टाकली. तिला ते समजलंही नाही.

जळगावच्या सरकारी दवाखान्यात सदफ ऑक्सिजनवर होती. एवढ्याशा चेहऱ्यावर मास्क, आणि बरगड्यांखाली तोच खड्डा, पडायचा, भरायचा, पुन्हा पडायचा. दादी भिंतीकडे तोंड करून तसबीचे मणी ओढत होती. तहरीम आली तरी तिनं मान वर केली नाही.

"या सुईच्या दोन झाल्यात ना?" डॉक्टरीणबाईंनी कार्ड बघत विचारलं. "बरं झालं. त्याचा आधार असतो. पण तिसरी राहून गेली. सुई म्हणजे भिंत नव्हे, न्यूमोनिया पुष्कळ कारणांनी होतो. तरी हिच्यासारख्या लेकरासाठी आपण हातातली एकही राखण सोडायची नाही. बरी झाली की लगेच द्या."

"बरी होईल?"

"वेळेवर आणलंत," एवढंच त्या म्हणाल्या.

तहरीम त्या कॉटपासून हलली नाही. अल्तमश रोज धुळ्याहून यायचा, थर्मासमधून चहा आणायचा, बाहेरच्या बाकावर बसून राहायचा. गंमत करायचं त्यानं सोडून दिलं होतं. हळूहळू तो खड्डा उथळ झाला. एका सकाळी मास्क निघाला, आणि सदफनं डोळे उघडून तहरीमकडे पाहिलं. ओळखलं नाही. रडायला लागली आणि दादीकडे हात पसरले.

बाहेर जिन्यात जहांगीर पायरीवर बसला होता. तहरीम दोन पायऱ्या सोडून बसली.

"अम्मी थकली आता," तो म्हणाला. "शेहजादनंतर तिचा कशावरच भरोसा नाही. मी ड्युटीवर. मी तुला काही म्हणत नाही, तहरीम. तसा हक्क नाही मला. पण हिला मी कुणाला देऊही शकत नाही."

"माहीत आहे, दुल्हाभाई."

जिन्यावरून कुणाचे नातेवाईक डबे घेऊन वर गेले. ते गेल्यावर तहरीमनं विचारलं, "मी आले, तर तिच्या दवाखान्याचं, सुयांचं, माझं ऐकाल?"

"तू आई असशील. मी कोण न ऐकणारा?"

"मग येते. निकाहाच्या आधी तिसरी सुई. एवढीच अट."

जहांगीरनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तो रडतोय की शरमतोय, तिनं पाहिलं नाही. तिला फक्त जाणवलं की आपलं बोट फार गार पडलंय, अंगठीचं.

सदफला दवाखान्यातून सुट्टी झाली तेव्हा जहांगीर कामावर परतला होता, आणि तहरीमचा निर्णय मान्य करून अब्बा धुळ्याला. दादी, तहरीम आणि शालीत गुंडाळलेली सदफ दुपारच्या गाडीत बसल्या. त्यांना पाचोऱ्याला उतरायचं होतं. अल्तमशही त्याच डब्यात चढला. त्याला पुढे चाळीसगावला गाडी बदलून धुळं गाठायचं होतं. दादी खिडकीला डोकं टेकून डोळे मिटून होती. तो समोर बसला.

गाडी सुटली. वेचून झालेल्या कपाशीच्या पऱ्हाट्या उन्हात करड्या दिसत होत्या. म्हसावद मागे पडलं.

"सांगा आता," तो म्हणाला.

"काय?"

"जे इतके दिवस सांगायचं टाळताय."

तिनं सांगितलं. हळू आवाजात, सदफच्या टोपडं घातलेल्या डोक्याकडे बघत. सांगून झाल्यावर तिनं अंगठी काढली. ती सहज निघाली. त्यानं हात पुढे केला नाही, तेव्हा तिनंच ती त्याच्याशेजारी बाकावर ठेवली.

"मी वाईट असतो तर सोपं गेलं असतं, नाही?" तो म्हणाला.

"हो."

"जहांगीरभाई तरी..."

"तेही नाहीत."

"कुणीच वाईट नाही," तो म्हणाला, आणि हसायला गेला. ते हसू बघवत नव्हतं. "मग मी भांडू कुणाशी?"

तिचे डोळे भरले. पण मांडीवर सदफ झोपली होती, हलता येत नव्हतं.

"आपण थांबलो असतो तर?" तो म्हणाला. "ती मोठी होईपर्यंत... दहा वर्षं, पंधरा वर्षं?"

"थांबून काय होणार? ती तिथं, मी इथं. परवा तिनं मला ओळखलं नाही, अल्तमश. आता फक्त खाला होऊन मला भागत नाही. तिला सर्दी झाली तरी माझा फोन उचलायचा की नाही, हे दुसरं कुणी ठरवतं."

माहेजी आलं. एक म्हातारा बोरांची टोपली घेऊन चढला, दोन डबे पलीकडे निघून गेला. गाडी पुन्हा हलली.

"एकदाही म्हटलं नाही मी तुम्हाला," अल्तमश म्हणाला. "वाटलं, मंगनी झालीय, म्हणायला सगळं आयुष्य पडलंय."

"म्हणू नका."

"म्हणतो. पाचोरा येईपर्यंत म्हणता येईल, नंतर नाही." त्याचा आवाज अगदी खाली गेला. "माझं प्रेम आहे तुमच्यावर, तहरीम. कूलर सुरू झाला आणि तुम्ही डोळे मिटलेत ना... तेव्हापासून."

तिनं सदफची शाल नीट केली. मग म्हणाली, "माझंही आहे. 'होतं' म्हणायला शिकेन हळूहळू. आज नाही येत."

पाचोऱ्याची घरं दिसायला लागली. दादी जागी झाली, पिशव्या गोळा करू लागली. अल्तमशनं वाकून सदफचं मोजे घातलेलं पाऊल दोन बोटांत धरलं, सोडलं. अंगठी मुठीत घेतली. दारापर्यंत पिशव्या आणून दिल्या, आणि प्लॅटफॉर्मवर उतरला नाही.

"थंडीत चालत नेऊ नका तिला सुईला," तो दारातून म्हणाला. "रिक्षा करा."

तहरीमनं मान हलवली. गाडी सुटली. तो दारातच उभा होता. मग डबा वळला आणि नुसतं दार दिसत राहिलं, मग तेही नाही.

दादी इतका वेळ शेजारी उभी होती. "हाच ना तो?" तिनं विचारलं.

"हो."

म्हातारीनं रुळांकडे पाहिलं. मग तिनं हात पुढे केले.

"दे तिला इकडे. आणि तू बस त्या बाकावर."

"कशाला, दादी? चला ना, ऊन उतरतंय."

"घरी मोहल्ल्यातल्या बाया येऊन बसल्या असतील. सगळ्या मुबारक म्हणतील, तिथं रडता यायचं नाही तुला." दादीनं सदफला आपल्या बुरख्याच्या उबेत घेतलं. "इथं रडून घे. सुई मंगळवारी असते, मी नर्सबाईला विचारून ठेवलंय. आपण दोघी जाऊ."

तहरीम बाकावर बसली. आधी वाटलं, रडू येणारच नाही, सगळं आटून गेलंय. मग तिनं ओढणी तोंडाशी धरली, आणि आपा गेली त्या दिवसापासून आत धरून ठेवलेलं सगळंच एकदम बाहेर आलं. दादी तिच्याकडे पाठ करून, पोरीला थोपटत, प्लॅटफॉर्मच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिली.